सांबरेकर कुठे राहतात?

सांबरेकर शोधायला सांबऱ्याला गेले तर फारसे काही हाती लागत नाही. बेळगावच्या पूर्वेला, बागलकोट रस्त्यावर दहाएक किलोमीटरवर हे गाव आहे. विमानतळामुळे त्याचे नाव दूरवर माहीत झाले आहे. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात भेटावेत तसे पाटील, चौगुले, जाधव, देसाई इथे भेटतात. कन्नड बोलणाऱ्या घरांची आडनावे वेगळी. पण गावाचेच नाव लावणारा माणूस भेटायचा असेल तर गावाबाहेर पडावे लागते. बेळगावच्या शहापूर-वडगाव पेठांत, कोल्हापुरात, गोव्यात, मुंबईत.

कारण सरळ आहे. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने हाक मारून काय उपयोग? सगळेच त्या गावचे. तिथे ओळख पटते ती वतनावरून, धंद्यावरून, कुळीवरून, नाहीतर बापाच्या नावावरून. माणूस गाव सोडतो, दुसरीकडे बिऱ्हाड थाटतो, आणि तिथल्या लोकांना त्याची काहीतरी खूण हवी असते. ‘तो सांबऱ्याचा’ अशी ओळख निघते आणि पुढच्या पिढीत तिचे ‘सांबरेकर’ होते. आपल्याकडची ‘कर’ लागलेली बहुतेक आडनावे अशी परक्यांनी ठेवलेली आहेत. घराण्याने ती स्वतःसाठी निवडली असे क्वचितच घडले. म्हणूनच ती गाव सोडल्याचा पुरावा आहेत, आणि मला वाटते, आपल्याकडे जुन्या स्थलांतराचा इतका साधा, इतका सर्वत्र पसरलेला आणि इतका दुर्लक्षित पुरावा दुसरा नसेल.

या पुराव्यातून आणखी एक गोष्ट वाचता येते. सांबऱ्याहून थेट मुंबईला गेलेल्या माणसाला तिथे कोणी सांबरेकर म्हणणार नाही. मुंबईच्या माणसाला सांबरा कुठे माहीत? तिथे तो ‘बेळगावकर’ होईल, किंवा आपले पहिले आडनाव घेऊनच राहील. ‘सांबरेकर’ म्हणायला ऐकणाऱ्याला सांबरा ठाऊक असावे लागते. म्हणजे हे आडनाव जिथे कुठे जन्मले असेल, ती जागा मूळ गावापासून फार लांब नसणार. पायी किंवा बैलगाडीने एका दिवसात जाऊन परतता येईल एवढ्याच टापूत. येळ्ळूरकर, कडोलकर, मुतगेकर, काकतकर, अनगोळकर, जांबोटकर ही या भागातली सगळी आडनावे त्याच मापाची आहेत. पहिला प्रवास जवळचा. पुढचा, म्हणजे मुंबई-पुण्याचा किंवा गोव्याचा, तयार आडनाव बरोबर घेऊन केलेला. उलट कोल्हापूरकर, सातारकर, सोलापूरकर ही मोठ्या गावांची नावे शेकडो मैलांवरही बनू शकतात. गावाचे आडनाव जेवढे दुर्मीळ, तेवढा त्याचा पहिला मुक्काम जवळचा, असे मी या भागात पाहत आलो आहे.

जवळचा म्हणजे सोपा, असे मात्र नव्हे. शहापूर आज बेळगाव शहरातच मोडते, पण १९४८पर्यंत ते सांगली संस्थानात होते. सांबरा इंग्रजी मुलखात. सांबऱ्याचा माणूस विणकामाला, दुकानदारीला किंवा सावकाराच्या दिवाणजीपणाला शहापुरात आला की तो राज्य बदलून आलेला असे. कचेरी वेगळी, दफ्तर वेगळे, अधिकारी वेगळे. अशा ठिकाणी नाव नोंदवताना ‘राहणार मूळ सांबरा’ हे सांगणे भागच होते. संस्थानांच्या सीमांनी दक्षिण महाराष्ट्रात आणि बेळगाव-धारवाडकडे किती ‘कर’ घडवले असतील, याचा कोणी नीट अभ्यास करायला हवा. सांगली, मिरज, जमखंडी, रामदुर्ग, मुधोळ, कोल्हापूर, सावंतवाडी आणि मध्ये मध्ये इंग्रजी तालुके. दहा कोसांत तीन राज्ये ओलांडावीत असा तो नकाशा होता.

असे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. स्पेनच्या ईशान्येला कातालोनिया आहे. राजधानी बार्सेलोना, भाषा कातालान. तिथल्या लोकांत ‘काताला’ हे आडनाव आहे, त्याचा अर्थच कातालोनियाचा माणूस. ते दक्षिणेकडे, वालेन्सियाच्या बाजूला, बऱ्यापैकी आढळते. खुद्द कातालोनियात त्या नावाने कोणाला वेगळे काढणार? तसेच नवारो म्हणजे नवार प्रांतातून आलेला, गायेगो म्हणजे गालिसियातून आलेला. इकडचा सांबरेकर आणि तिकडचा नवारो यांना एकाच गरजेने जन्म दिला आहे.

फरक मोजणीत आहे. स्पेनच्या सरकारी सांख्यिकी संस्थेने प्रत्येक आडनावाची माणसे किती आणि कुठल्या प्रांतात किती, ही माहिती लोकांसाठी खुली ठेवली आहे. कातालोनियाची स्वतःची संस्थाही तशी माहिती देते. एखादे दुर्मीळ आडनाव घेतले की ते कोणत्या खोऱ्यातून निघाले आणि कुठवर पसरले याचा अंदाज तिथे घरबसल्या करता येतो. आपल्याकडे जनगणनेचा कर्मचारी दारात येऊन नावे लिहून घेतो, पण आडनावांची गणती करून ती छापली जात नाही. उरतात त्या मतदारयाद्या, शाळांची जनरल रजिस्टरे, जमिनीचे उतारे, देवस्थानांच्या वर्गणीवह्या, लग्नपत्रिका. या सगळ्यांतून माणूस आडनावाचा माग काढतो.

मागही सरळ निघत नाही. विमानतळ सांबऱ्याचा, पण मिरज-लोंढा मार्गावरच्या रेल्वे स्थानकाचे नाव सांबरे. त्या मार्गाची जुनी मालकी सदर्न मराठा रेल्वे कंपनीची, तेव्हापासून ही दोन रूपे शेजारी शेजारी नांदत आहेत. ठाणे-पालघरकडे ‘सांबरे’ हेच आडनाव आहे; त्याचा या गावाशी संबंध जोडायला आधार नाही. इंग्रजीतून देवनागरीत परत येताना सांबरेकरचे ‘सांब्रेकर’ होते. नावे सारखी म्हणून माणसे एका रक्ताची, असे गावनावांच्या बाबतीत तर मुळीच धरता येत नाही. एकाच गावातून वेगवेगळ्या काळात निघालेली, वेगवेगळ्या जातींची घरे दुसऱ्या गावात जाऊन एकच आडनाव धारण करतात. मराठा, ब्राह्मण, सोनार, शिंपी, दलित, जैन, सगळ्यांच्यात ‘कर’ आहेत. सोयरीक जमवताना ज्येष्ठ मंडळी आडनाव ऐकून थांबत नाहीत, ‘मूळचे कुठले? कुलदैवत कुठलं? देवक काय?’ हे विचारतात ते यासाठीच. आडनावाने गाव कळते, घर कळत नाही, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

जात झाकणारे आडनाव ही एक सोयही होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे सकपाळ कुटुंब. त्या घरचा मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला तेव्हा रजिस्टरात सकपाळ हे आडनाव आले नाही. गावावरून आलेले आडनाव लागले, आणि पुढे जगाने बाबासाहेबांना आंबेडकर म्हणूनच ओळखले. ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आडनावांच्या इतिहासात त्या शाळेच्या रजिस्टराला केवढे वजन आहे, हे या एका नोंदीवरून लक्षात येते. तोवर बोलण्यात बदलत राहणारे नाव शाईने एकदा लिहिले की कायमचे झाले.

एकोणिसाव्या शतकात ही शाई आपल्या भागात पसरली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड १८८४ साली निघाला. बेळगाव, धारवाड, विजापूर या कन्नड मुलखाच्या खंडांत एकेका जातीचे वर्णन करताना माणसांची नावे दिली आहेत. आणि कित्येक जातींच्या बाबतीत आडनाव नाही, गावावरून वा धंद्यावरून ओळखतात, अशा अर्थाच्या नोंदी आहेत. याचा अर्थ त्या लोकांना ओळख नव्हती असा नाही. ओळख होती, फक्त ती घराबरोबर, गावाबरोबर बदलत असे. शाळा, कोर्ट, सैन्यभरती आणि जमिनीची मोजणी या चौघांनी ती गोठवली.

आता खरी गंमत या पट्ट्याची. इथे एकाच गावावरून दोन भाषा दोन तऱ्हेची आडनावे करतात. मराठी माणूस गावाला ‘कर’ जोडतो. कन्नड माणूस बहुधा गाव जसेच्या तसे लावतो. धारवाडजवळच्या मन्सूरचे मल्लिकार्जुन मन्सूर, हनगलच्या गंगूबाई हनगल. स्वातंत्र्यलढ्यातले श्रीनिवासराव कौजलगी गोकाक तालुक्यातल्या कौजलगीचे नाव लावत. हुक्केरी हे तालुक्याचे गावही आडनाव आहे. बेळगावात ज्यांच्या नावे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे ते पाटबंधारे अभियंते एस. जी. बाळेकुंद्री, आणि बाळेकुंद्री हे गाव सांबऱ्याला लागूनच. मराठीत त्याच गावावरून कोणी बाळेकुंद्रीकर होईल. कन्नडात याशिवाय घराण्याच्या मूळ पुरुषावरून ‘ण्णवर’ लागते, जसे बेळगावचे दोड्डण्णवर. आणि ‘मने’ म्हणजे घर, त्यावरून कट्टीमनीसारखी नावे होतात. गोकाक तालुक्यातले कादंबरीकार बसवराज कट्टीमनी यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. कातालोनियात शेतावरच्या वाड्याला ‘मास’ म्हणतात. तिथे मासफेरेर हे आडनाव आहे, लोहाराचा वाडा. फेरेर म्हणजे लोहार. घरावरून माणूस ओळखायची रीत दोन्हीकडे जुनी.

फेरेर हे नाव मराठी मुलखाला अगदीच अनोळखी नाही. बार्सेलोनात १९२० साली जन्मलेले विसेंते फेरेर हे जेझुइट पाद्री १९५२ साली मुंबईला आले आणि मनमाडच्या परिसरात दुष्काळी शेतकऱ्यांसाठी विहिरी खोदण्याचे काम त्यांनी उभे केले. १९६८मध्ये त्यांना देश सोडायला सांगितले गेले तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी ते परतले आणि आंध्रातल्या अनंतपूरला स्थायिक झाले. नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना ‘फादर फेरेर’ आठवतात. एका कातालान लोहाराच्या घरावरून आलेले नाव मनमाडच्या विहिरींशी जोडले गेले.

दोन भाषांच्या या दोन रीती कागदावर जितक्या वेगळ्या दिसतात, तितक्या माणसांत नाहीत. सांबऱ्याच्या बाजूच्या, बेळगाव ग्रामीण मतदारसंघाच्या आमदार आणि कर्नाटकाच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांचे आडनाव पाहा. हेब्बाळ ही गावनावाची घडण कन्नड, आणि त्याला जोडलेला ‘कर’ मराठी. उलट मराठी बोलणाऱ्या कित्येक घरांत अंगडी, म्हणजे दुकान, किंवा हिरेमठ अशी कन्नड आडनावे आहेत. पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे तर दोन्हीकडे सारखेच. ती वतनांची नावे, भाषेची नव्हेत. ‘कर्नाटकाचा सिंह’ म्हणून गौरवले गेलेले गंगाधरराव देशपांडे बेळगाव तालुक्यातल्या हुदलीचे. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते ते १९२४चे बेळगाव काँग्रेस अधिवेशन त्यांनी उभे केले. आडनाव ऐकून त्यांना कोणत्या भाषेच्या रकान्यात घालणार?

बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरला १८९६ साली जन्मलेले शं. बा. जोशी हे कन्नडातले थोर संशोधक. त्यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हे पुस्तक मराठीत लिहिले आणि महाराष्ट्राच्या स्थळनामांत खोलवर रुतलेला कन्नड थर दाखवला. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले, आजही होतात. पण गावांची नावे एका भाषेची आणि ती उच्चारणारी माणसे दुसऱ्या भाषेची असू शकतात, हे त्यांनी पुन्हा दुर्लक्षिता येऊ नये इतक्या ठासून मांडले. आडनावांबद्दल मला तेच म्हणायचे आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात आडनावे मोजून गाव कोणाचे हे ठरवू पाहणारा माणूस चुकीच्या मापाने मोजत असतो. भाषा मोजायची तर घरात काय बोलतात ते विचारावे, मुले कोणत्या शाळेत जातात ते पाहावे, हिवाळ्यात कोणते साहित्य संमेलन भरते ते पाहावे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी आणि सांबरा या गावांनी स्वतःच्या खर्चाने मराठी संमेलने भरवली आहेत. मराठीपणाचा तो खरा पुरावा आहे. आडनावातून कळते ते एवढेच की पूर्वज कुठून कुठे आले.

बाळेकुंद्रीची गोष्ट तर उलट्या दिशेची आहे. पंत महाराजांचे मूळ नाव दत्तात्रय रामचंद्र कुलकर्णी. जन्म १८५५चा, समाधी १९०५ची. दत्तसंप्रदायातले अवधूत, बेळगावात शिक्षकी केलेले, ‘दत्तप्रेमलहरी’मधल्या हजारो पदांचे कर्ते. कुलकर्णी हे आडनाव भक्तांच्या तोंडी राहिले नाही. ते ‘पंत महाराज बाळेकुंद्रीकर’ झाले. आणि पुढे गावच त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, ‘पंतबाळेकुंद्री’. आधी गावाने माणसाला नाव दिले, मग माणसाने गावाला दिले. असा परतावा मिळालेली गावे किती असतील!

बाळेकुंद्री ओलांडून थोडे पुढे गेले की सुळेभावी. विणकरांचे गाव. इथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म झाला. हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. कुमार गंधर्व म्हटले की सगळ्यांना कळते. ‘मठ’ हा आडनावाचा शेवट वीरशैव जंगम घराण्यांचा. मठाशी, त्याच्या पूजाअर्चेशी आणि उपदेशाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली ही घरे. हिरेमठ हे त्यातले सर्वांत परिचित, कोमकळीमठ अगदी विरळ. लहानग्या शिवपुत्राचे गाणे ऐकून एका स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि त्याच पदवीने त्याचे जन्मनाव मागे सारले. मुंबईला बी. आर. देवधरांकडे तो शिकला. क्षय झाल्यावर १९४८मध्ये माळव्यात देवासला गेला आणि तिथलाच झाला.

दुर्मीळ आडनावाचे काय होते, हे या एका घरात जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे मला दिसलेले नाही. वडील पदवीने ओळखले गेले. आडनावाची त्यांना गरजच उरली नाही. थोरले पुत्र मुकुल यांनी वडिलांचे जन्मनाव लावले, मुकुल शिवपुत्र. हीसुद्धा कन्नड मुलखाला नवी नसलेली रीत. कन्या कलापिनी आणि नातू भुवनेश यांनी आडनावाचा पहिला अर्धा भाग ठेवला, कोमकली. ‘मठ’ गळून पडला आणि माळव्याच्या हिंदीत ‘ळ’चा ‘ल’ झाला. म्हणजे कोमकळीमठ हे मूळ रूप या शाखेत कोणाच्याच नावापुढे नाही, आणि तरी घराणे संगीताच्या दुनियेत प्रत्येकाला माहीत आहे. सुळेभावीहून देवासपर्यंतच्या प्रवासात आडनावाने तीन रूपे घेतली आणि तिन्ही रूपांना कारण आहे. उद्या कोणी कोमकळीमठ या आडनावाचा प्रसार यादीवरून मोजायला बसला तर त्याला हे घर सापडणारच नाही. दुर्मीळ आडनावांची मोजणी करणाऱ्यांनी ही अडचण कायम ध्यानात ठेवावी. यादीतून गायब झालेले आडनाव म्हणजे संपलेले कुळ नव्हे.

निपाणीकडे वळले की याहून जुना थर दिसतो. बेळगावहून कोल्हापूरच्या वाटेवरची ही तंबाखूची पेठ एका जहागीरदाराने मोठी केली. सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, ‘आप्पा देसाई निपाणकर’ या नावाने पेशवाईच्या उत्तरार्धातल्या आणि इंग्रजांच्या कागदांत वारंवार येतात. एका माणसाच्या नावात किती गावे आहेत पाहा. निंबाळकर हे फलटणजवळच्या निंबळक गावावरून. हे घराणे मूळचे पवार, असे परंपरा सांगते. शिवछत्रपतींच्या राणी सईबाई याच फलटणच्या निंबाळकरांच्या. त्यातली एक शाखा दक्षिणेत आली, देसाई झाली, आणि निपाणीवरून निपाणकर. पवार, निंबाळकर, देसाई, निपाणकर. कुळ, पहिले गाव, वतन, दुसरे गाव असे चार थर. त्यातले लोकांच्या तोंडी कोणते राहायचे, हे ऐकणारा कुठला आहे यावर ठरले. निपाणीच्या प्रजेला निपाणकर म्हणायची गरज नव्हती. पुण्याच्या दरबाराला होती. सिद्धोजीराव १८३९मध्ये वारले आणि जहागीर खालसा झाली. आज सीमाभागात आणि महाराष्ट्रात निंबाळकर कितीतरी आहेत, निपाणकर किंवा निपाणीकर त्यामानाने थोडे. एका आडनावाला शतकानुशतके राजघराण्याची सत्ता लाभली, दुसऱ्याला एका माणसाची कारकीर्द.

गोव्याच्या बाजूने आलेला आणखी एक धागा इथे आहे, बेळगावातल्या ख्रिस्ती वस्तीचा. धर्मांतरानंतर गोव्यात फर्नांडिस, परेरा, डिसोझा ही पोर्तुगीज आडनावे आली. अनेकदा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव नव्या ख्रिस्ती कुटुंबाला मिळत असे. म्हणून ती आज लाखोंनी आहेत आणि त्यांच्यावरून मूळ गाव कळत नाही. त्यांच्याच जोडीने आलेले झेवियर हे मात्र गावाचेच नाव. नवारमधल्या एका वाड्याचे बास्क नाव, अर्थ ‘नवे घर’. त्या वाड्यात जन्मलेल्या फ्रान्सिसला ते आडनाव म्हणून लागले, आणि गोव्यात-बेळगावात ते मुलांचे पाळण्यातले नाव झाले. घर, मग आडनाव, मग नाव.

आता लिपीचा प्रश्न, आणि हा प्रश्न या भागातल्या माणसाच्या जिव्हारी लागलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी १७ जानेवारी १९५६ला बेळगावात गोळीबार झाला होता. तो दिवस आम्ही हुतात्मा दिन म्हणून पाळतो. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७मध्ये निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवले, बेळगाव मात्र नाही. महाराष्ट्राने ते मानले नाही. १९८६मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झाले, २००४मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, दावा अजून उभा आहे. या मोठ्या तारखांच्या खाली एक बारीक गोष्ट रोज घडत असते. जुने उतारे मराठीत, काही मोडीत. २०००च्या सुमारास ‘भूमी’ योजनेत कर्नाटकाने उतारे संगणकावर आणले ते कन्नडात. आधारपत्रावर इंग्रजीच्या जोडीला राज्याची भाषा छापून येते. म्हणून सीमाभागातल्या मराठी माणसाचे आडनाव देवनागरीतून इंग्रजीत, इंग्रजीतून यंत्राने कन्नडात जाते. ‘ऱ्या’, ‘ळ’, दंतमूलीय ‘च’ हे इंग्रजीच्या दारातून जाताना घासले जातात. कन्नडात ‘ळ’ आहे, मराठीत ‘ळ’ आहे; दोघांच्या मध्ये इंग्रजी आल्यामुळे तो हरवतो. मग वारसा नोंदीला गेल्यावर आजोबांच्या उताऱ्यावरचे आडनाव आणि नातवाच्या पत्रावरचे आडनाव जुळत नाही, आणि प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते. भाषिक अल्पसंख्याकांच्या तरतुदींप्रमाणे मराठीत कागद मिळावेत ही मागणी म्हणूनच नुसती अभिमानाची नाही. ती जमिनीची आणि हक्काची आहे.

कातालान लोकांना हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. फ्रँकोच्या राजवटीत कातालान जन्मनावे नोंदवायला बंदी होती. घरात जोर्दी असलेला मुलगा रजिस्टरात होर्हे व्हायचा. आडनावांचे लेखनही स्पॅनिश वळणाने बिघडवले गेले होते. लोकशाही परतल्यावर हे सुधारता येऊ लागले, आणि १९९८च्या कातालोनियाच्या भाषा कायद्याने नागरिकाला आपले नाव-आडनाव योग्य कातालान लेखनात नोंदवून घेण्याचा सोपा मार्ग दिला. अर्ज करायचा, लेखन दुरुस्त होते. दुर्मीळ आडनावांच्या दृष्टीने तर याचे मोल फार मोठे. ज्याची हजारो घरे आहेत त्याचे लेखन कुठे ना कुठे टिकते. वीस-पंचवीस घरांच्या आडनावाचे एकदा चुकले की चुकलेलेच रूढ होते. आपल्या दोन्ही राज्यांना असा कायदा करायला काय हरकत आहे? त्याला सीमाप्रश्नाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. कन्नड माणसाला सोलापूर-अक्कलकोटात आणि मराठी माणसाला बेळगाव-निपाणीत आपले आडनाव आपल्या भाषेच्या लेखनात नोंदवता यावे, इतकेच.

स्पेनची आणखी एक रीत इथे सांगितली पाहिजे. तिथे प्रत्येकाला दोन आडनावे, एक वडिलांचे, एक आईचे. कातालान लोक मध्ये ‘आणि’ अर्थाचे अक्षर घालतात. लग्नाने बाईचे आडनाव बदलत नाही. २०१७पासून तर कोणते आधी लिहायचे हे आईवडिलांनी मिळून ठरवायचे, वडिलांचे आपोआप पुढे जात नाही. आपल्याकडे सांबरेकरांची मुलगी लग्न झाले की सांबरेकर राहत नाही, निदान आजवर राहत नव्हती. ज्या घरात मुलीच झाल्या तिथे आडनाव त्या पिढीत थांबते. थोड्या घरांच्या आडनावाला हे फार लवकर भोवते. बेळगावातल्या काही तरुण बायका आता माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे लावतात. त्यांनी तसे करावे असे मला मनापासून वाटते.

आणि नवे सांबरेकर? ते आता होत नाहीत. १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने सांबऱ्याला धावपट्टी बांधली. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत भारतीय हवाई दलाची हंटर विमाने इथूनच उडाली. आज इथे हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि २०१७मध्ये नागरी विमानतळाची नवी इमारत झाली. सांबऱ्याची मुले बेंगळुरूला, पुण्याला, आखातात जातात. पूर्वी कधी गेली नसतील इतकी जातात. पण त्यांच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर, पारपत्रावर आडनाव आधीच छापलेले असते, आणि दुबईत कोणी त्यांना गावावरून हाक मारत नाही. पाटील पाटीलच राहतो, कितीही दूर गेला तरी. म्हणजे आज जे सांबरेकर आहेत त्यांच्यामागे बहुधा रजिस्टरांच्या आधी, किंवा ती नुकती सुरू होत असताना गाव सोडलेले कोणीतरी आहे. त्यांची संख्या ही आजच्या स्थलांतराची नाही, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या स्थलांतराची आहे.

ती माणसे गावातून निघाली कशासाठी, हे सांगणारे कागद अजून आहेत. शहापूरच्या जुन्या शाळांची रजिस्टरे, सांगली संस्थानचे दफ्तर, मोडीतली गहाणखते, विणकर पेठांतल्या सावकारी चोपड्या, देवळांच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीयाद्या. त्यातल्या बऱ्याच नोंदींत नावापुढे ‘मूळ राहणार’ असा रकाना नाहीतर उल्लेख असतो. बेळगावात मोडी वाचणारी माणसे आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यातली बरीच सत्तरीच्या पुढची. हे काम त्यांच्यासोबत बसून करायचे आहे. याच दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांनी शहापुरातल्या एका शाळेचे पहिले रजिस्टर घेऊन त्यातली ‘कर’ आडनावे गावनिहाय उतरवून काढली, तर सांबऱ्यापासून खानापुरापर्यंतच्या वाटा कागदावर दिसू लागतील.